याचं टपाल कोण घेतं हो?

जगात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न 'जेवलात का?' हा असणार, असा माझा बरीच वर्षं समज होता. मेल सर्व्हर सांभाळायचं काम गळ्यात पडलं आणि तो समज गेला. हे सर्व्हर सणवार न बघता, रात्रंदिवस एकच चौकशी करत असतात : 'याचं टपाल कोण घेतं हो?' तुम्ही 'पाठवा'चं बटण दाबता, हात झटकता आणि चहाला उठता. चौकशी सुरू होते ती तुमची पाठ वळल्यावर. त्या सर्व्हरला कोणाचंच काही माहीत नसतं. ज्या पत्त्यावर काल मेल पोचवला, त्याच पत्त्याचा आज पुन्हा मेल आला तरी तो पुन्हा विचारतो. आपल्या घरातलं कोणी असं वागायला लागलं तर आपण डॉक्टर गाठू. सर्व्हर असं वागतो म्हणून जगाचं टपाल चालतं. माझ्या धंद्यात जे काही घोळ पाहिले, त्यातले बहुतेक न विचारणाऱ्यांनी केलेले आहेत.

ज्याला हा प्रश्न विचारायचा त्याचं नाव डीएनएस आणि त्याच्याकडून येणाऱ्या उत्तराचं नाव एमएक्स रेकॉर्ड. नावं ऐकून दचकू नका, व्यवहार ओळखीचा आहे. सोसायटीत कुरिअरवाला येतो. तुमच्या दारावर चिठ्ठी असते : आधी आमची बेल वाजवा, कोणी नसेल तर पार्सल समोरच्या जोशीकाकूंकडे द्या. एमएक्स म्हणजे ही चिठ्ठी. फरक इतकाच, की ती दारावर न लावता अशा ठिकाणी लावतात की जगातला कुठलाही कुरिअरवाला निघायच्या आधीच वाचू शकतो. चिठ्ठीत प्रत्येक यंत्राच्या नावाबरोबर एक आकडा असतो. तुमच्या यंत्राला १०, जोशीकाकूंना २०. लहान आकड्याचा मान मोठा.

पहिली ठेच इथेच लागते. आमच्या एका गिऱ्हाइकाने नव्या, महागड्या सर्व्हरला १०० दिले आणि जिन्याखालच्या जुन्या डबड्याला १०. का, तर 'नवा शंभर टक्के चालला पाहिजे.' सगळं टपाल इमानेइतबारे जिन्याखाली जायला लागलं आणि नवा सर्व्हर एसीत बसून राहिला. आकडे उलटे करा म्हटलं तर साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे नव्याला दहाच?" शेवटी नव्याला १ दिला. पहिला नंबर म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं, आणि तांत्रिकदृष्ट्याही ते बरोबर होतं, त्यामुळे मीही पुढे काही बोललो नाही. १०, २०, ३० असं ऐसपैस लिहायची नुसती रीत आहे, नियम नव्हे. उद्या मध्ये कोणाला बसवायचं झालं तर १५ देता यावा, म्हणून. मध्ये बसलेला १५ मात्र मी अजून पाहिलेला नाही.

जोशीकाकूंची कथा वेगळी. लहान आकड्याचं दार आधी वाजवायचं, ते उघडलं नाही तरच पुढचं, हा नियम सज्जन सर्व्हर पाळतात. लॉटरी लागल्याची आणि टक्कल बरं केल्याची पत्रं वाटणारे मात्र मुद्दाम सगळ्यात मोठा आकडा गाठतात. पहिल्या दाराला साखळ्या, कड्या, कॅमेरे असतात हे त्यांना ठाऊक असतं. काकू मात्र 'बरं बाबा, ठेव तिथे' म्हणून काय येईल ते घेतात. आणि काकूंनी एकदा घेतलं की संध्याकाळी ते तुमच्या घरी येणारच, तेही तुमच्या विश्वासातल्या बाईच्या हातून. म्हणून हल्ली जाणते लोक काकूंचं नाव चिठ्ठीत घालतच नाहीत. तशी गरजही नाही. दार बंद दिसलं तर पाठवणारा सर्व्हर स्वतःच खेटे घालतो; निदान चार-पाच दिवस तरी नाद सोडू नये, असं टपालाचं मानकच सांगतं. इतका चिवट कुरिअरवाला असताना काकूंची दुपारची झोप कशाला मोडायची?

ज्यांना टपाल नकोच असतं त्यांच्यासाठी २०१५ मध्ये अधिकृत सोय झाली. आकडा ० आणि नावाच्या जागी नुसतं एक टिंब. अर्थ असा, की इथे टपाल घेतलं जात नाही, बेल वाजवू नये. त्याआधी नकार द्यायची धड रीतच नव्हती. एमएक्स लिहिलाच नाही म्हणजे टपाल नको, असं तुम्हाआम्हाला वाटतं. सर्व्हरला वाटत नाही. तो म्हणतो, चिठ्ठी नाही ना, मग थेट घरीच जातो. मग तो त्या नावाच्या यंत्राचा पत्ता काढतो आणि पंचवीस नंबरच्या पोर्टवर जाऊन उभा राहतो. तिथे बहुतेकदा एखादी वेबसाइट नांदत असते. टपाल घेणारं कोणी नसतं. तरी तो आपला पाच दिवस उभा.

विचारून जायची ही सभ्यता नेटवर्कबरोबर जन्माला आलेली नाही. सुरुवातीला सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. तिचं नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती सांभाळायचा. नवं यंत्र आलं की त्यांना कळवायचं, त्यांनी ते यादीत चढवायचं आणि बाकी सगळ्यांनी नवी यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली, यादी फुगली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची मांडणी केली. एकच मोठी यादी नको, ज्याचं त्याने सांगावं, विचारणाऱ्याने विचारावं.

यूयूसीपी नावाच्या दुसऱ्या पंथात तर पत्र लिहिणाऱ्यालाच आख्खा रस्ता लिहून द्यावा लागे. आधी एक यंत्र, मग उद्गारचिन्ह, मग दुसरं यंत्र, पुन्हा उद्गारचिन्ह, असं करत शेवटी माणूस. इलिनॉयमधल्या बेल लॅब्जचं 'आयएचएनपी४' हे यंत्र एवढं मोठं नाकं होतं, की लोक आपला पत्ता तिथून पुढचाच सांगायचे. तिथपर्यंत तुम्ही कसे पोचता हा तुमचा प्रश्न. मधलं एखादं यंत्र बंद पडलं तर नवा रस्ता शोधायचा तो पत्र लिहिणाऱ्यानेच. 'उद्या सुट्टी हवी' एवढं साधं पत्रसुद्धा त्या काळात चार-पाच उद्गारचिन्हं लावून निघत असणार.

डीएनएस आलं तेव्हाही टपालाचं पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं. मूळ मसुद्यात दोन निराळ्या नोंदी होत्या. टपाल शेवटी ज्याच्याकडे पोचतं ते यंत्र एकीत, आणि जे नुसतं पुढे ढकलतं ते दुसरीत. दोन खिडक्या केल्या की मधल्या माणसाचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. जानेवारी १९८६ मध्ये दोन्ही खिडक्या बंद झाल्या. त्यांच्या जागी एमएक्स आला, आणि तो वाचून टपाल कसं न्यायचं याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी लिहून दिले. एक नाव, एक आकडा. संगणकाच्या जगात आज सकाळी आलेली वस्तू संध्याकाळी जुनी होते, ही चिठ्ठी मात्र अजून तशीच्या तशी चालू आहे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाची व्हिजिटिंग कार्डं कोणी जपून ठेवली असतील तर काढून बघा. माणसाच्या नावापुढे ॲट, आणि मग 'जीआयएएसबीएम शून्य एक डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन'. पुणेकर असेल तर 'बीएम'च्या जागी 'पीएन'. म्हणजे माणसाच्या पत्त्यात यंत्राचं नाव, आणि वर त्या यंत्राचा अनुक्रमांक. फोनवर हा पत्ता सांगणं हा एक कार्यक्रम असे. "जी फॉर गणपती... आय फॉर इंडिया... ए फॉर अमरावती... एस फॉर सातारा... नाही हो, सातारा पूर्ण नाही लिहायचं, नुसता एस." शून्याला 'ओ' समजणारे आणि एकाला 'आय' समजणारे वेगळेच. पलीकडचा माणूस दोन ओळी खोडून झाल्यावर विचारायचा, "त्यापेक्षा फॅक्स करू का?" एमएक्सची खरी कमाई मला तिथे दिसते. पत्त्यात नुसतं कंपनीचं नाव राहतं. आत कुठलं यंत्र, मुंबईत की पुण्यात, एक नंबर की दोन, हे सर्व्हरने सर्व्हरला विचारावं. अमरावती-साताऱ्याला मध्ये ओढू नये.

आता तर पत्ता देवनागरीतही घेता येतो. 'डॉट भारत' ऑगस्ट २०१४ पासून आहे. पण डीएनएसच्या दप्तरी देवनागरी थेट चढत नाही, म्हणून 'भारत' तिथे जातो तो 'एक्सएन, दोन आडव्या रेघा, एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी' या वेषात. पुढचा सर्व्हर नव्या मानकांचा नसेल तर ॲटच्या अलीकडचं मराठी नाव त्याच्या पचनी पडत नाही आणि तो मेल परत करतो. माझ्या एका मित्राने अभिमानाने मराठी पत्ता घेतला. लोकांना देताना तो खाली इंग्रजी पत्ताही देतो, 'अडलं तर' असं लिहून. अडतंच.

पत्त्यांचं झालं. आता चिठ्ठी लिहिणाऱ्यांकडे वळू. ती हाताने लिहायची वेळ आली की नावाच्या शेवटी एक टिंब द्यावं लागतं. ते दिलं तर नाव पूर्ण झालं. विसरलात तर डीएनएस समजतो की तुम्ही आळसाने अर्धंच नाव लिहिलंय, आणि कर्तव्यबुद्धीने पुढे कंपनीचं नाव स्वतःच जोडतो. मग तुमचं टपाल 'मेल डॉट कंपनी डॉट कॉम डॉट कंपनी डॉट कॉम' नावाच्या यंत्राकडे निघतं. असं यंत्र पृथ्वीतलावर नसतं. शाळेत पूर्णविराम राहिला की अर्धा मार्क जायचा. इथे आख्खं टपाल जातं. काही लोक आणखी पुढचे. ते यंत्राचं नावच लिहीत नाहीत, थेट आयपीचे आकडे ठोकून देतात. 'नाव कशाला, डायरेक्ट नंबर दिलाय, फास्ट होईल.' तसं चालत नाही. एमएक्समध्ये नावच लागतं, आणि तेही खरं नाव. टोपणनाव म्हणून केलेली सीनेमची नोंद तिथे चालत नाही. पण 'डायरेक्ट' या शब्दावर आपल्या लोकांची श्रद्धा इतकी गाढ, की नियम दाखवल्यावरही ते म्हणतात, "आधी चाललं होतं." कधी चाललं होतं ते कोणी सांगत नाही.

चिठ्ठी बदलली की आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोयीचं वाक्य कामाला येतं : 'प्रॉपगेट व्हायला ४८ तास लागतील.' या एका वाक्यावर कित्येक जण शनिवार-रविवार निवांत गावी जाऊन आले आहेत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी भव्य उभं राहतं. समुद्राखालून, डोंगरांवरून आपला नवा एमएक्स हळूहळू जगभर पसरतोय. वास्तविक काहीच पसरत नसतं. कोणी एकदा प्रश्न विचारला की मिळालेलं उत्तर तो थोडा वेळ जपून ठेवतो. किती वेळ जपायचं, तो आकडा उत्तरातच सेकंदांमध्ये लिहिलेला असतो. त्याला टीटीएल म्हणतात. ८६४०० लिहिलं असेल तर एक दिवस. तेवढा वेळ जुनं उत्तर शिळं खायचं, मग ताजं मागायचं. बदल करायच्या आदल्या दिवशीच हा आकडा ३०० केला तर जग पाच मिनिटांत ताजं उत्तर विचारायला येतं. हे प्रत्येक पुस्तकात आहे, प्रत्येकाला माहीत आहे, आणि कोणीही करत नाही. केलं तर ४८ तास कुठून आणणार?

एवढं करूनही मेल पोचला नाही तर तो परत येतो, आणि इथून कहाणीत मेलर डीमन शिरतो. परतीच्या पत्रावर सही याची असते. एका ऑफिसात मला बोलावून घेतलं होतं ते 'आपल्या मेलमध्ये भूत आहे' म्हणून. दुसऱ्या एका ठिकाणी वरिष्ठ लिपिकांनी त्याला रीतसर उत्तर पाठवलं होतं. 'आदरणीय महोदय' अशी सुरुवात, वर संदर्भ क्रमांक, आणि सदर पत्र योग्य त्या विभागाकडे अग्रेषित करावे ही विनंती. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. मला बोलावणं आलं ते तिसऱ्या, 'अंतिम' स्मरणपत्रानंतर.

खरं म्हणजे ही परतीची पत्रं फार नम्र असतात. क्यूमेल नावाचा जुना सर्व्हर प्रोग्राम आहे. त्याचं परतपत्र नमस्कार करतं, आपली ओळख करून देतं, तुमचं पत्र पोचवू शकलो नाही याचं वाईट वाटतं म्हणतं, अडचण कायमची असल्याने आपण प्रयत्न सोडले हे कबूल करतं आणि पुन्हा एकदा दिलगिरी व्यक्त करतं. कुठल्याही खिडकीवरचा जिवंत माणूस माझ्याशी इतक्या आदबीने बोललेला मला आठवत नाही.

या पत्रांत एक बारीक भेद असतो, तो मात्र वाचायला शिकावं. डीएनएस 'अशा नावाचं कोणी नाही' म्हणाला तर सर्व्हर मेल तिथल्या तिथे परत करतो. 'आत्ता सांगता येत नाही' म्हणाला तर तो मेल रांगेत ठेवून नंतर पुन्हा विचारतो. घाईघाईत 'जीमेल'च्या जागी 'जीमाएल' लिहिलंत, तर पहिल्या प्रकारचं उत्तर मिळायला हवं. पण अशी चुकलेली नावंही लोक आधीच विकत घेऊन ठेवतात आणि त्यांवर एमएक्स लावतात. मग तुमचा मेल परतही येत नाही. तो पोचतो, फक्त भलत्याकडे. आपल्याकडे यावर पूर्वापार उपाय आहे. मेल पाठवला की लगेच फोन करायचा, "मेल केलाय, बघून घ्या." आणि तोच कागद व्हॉट्सॲपवरही टाकायचा. जगातल्या मानकं लिहिणाऱ्या थोरामोठ्यांना हे सुचलं नव्हतं.

आता सर्व्हरच्या पोटात शिरू. एक्झिम नावाचा प्रोग्राम आहे. फिलिप हेझल यांनी तो १९९५ मध्ये केंब्रिज विद्यापीठात लिहायला घेतला, आणि भाड्याने वेबसाइट ठेवायला देणाऱ्यांच्या कितीतरी यंत्रांवर आजही तोच राबतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'राउटर' एकाखाली एक लिहिलेले असतात, आणि प्रत्येक मेल त्यांच्यापुढून वरून खाली, क्रमाने जातो. मूळ फाइलीतला 'डीएनएसलुकअप' हा राउटर चार-पाच ओळींचा आहे. पण एक एक ओळ अनुभवाने भाजून निघालेली.

पहिली महत्त्वाची ओळ सांगते की हा राउटर कोणासाठी आहे. आधी एक उद्गारचिन्ह, मग 'स्थानिक डोमेन'. इथे उद्गारचिन्हाचा अर्थ नकार. म्हणजे जे आपले नाहीत, त्यांच्याचसाठी डीएनएसला विचारायचं. जे आपले आहेत त्यांच्यासाठी विचारायचं नाही, कारण आपल्या घरी कोण राहतं हे आपल्याला माहीतच असतं. हा 'माहीतच असतं' तेवढा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी ओळ इरसाल लोकांसाठी. काही महाभाग एमएक्समध्ये असं यंत्र लिहितात की त्याचा पत्ता निघतो १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे विचारणारा स्वतः. 'माझं टपाल कोण घेतं? अरे, तूच की!' भोळा सर्व्हर मग स्वतःचंच दार वाजवतो, स्वतःच 'कोण आहे?' विचारतो, पत्र बघतो, हे माझं नाही म्हणतो, आणि पुन्हा चौकशीला निघतो. म्हणून फाइलीत सरळ लिहून ठेवलंय, की असा पत्ता आला तर कानाआड करा. शेवटची ओळ 'नो मोअर' : इथे जमलं नाही तर खालच्या राउटरांना त्रास देऊ नये.

आपलं नाव चिठ्ठीत आहे आणि आपल्याला मात्र ते ठाऊक नाही, अशी उलटी परिस्थिती आली तर काय होतं, हे सेंडमेलकडून ऐकावं. सेंडमेल हा या क्षेत्रातला पितामह, एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलेला. टपाल फिरून फिरून स्वतःकडेच यायला लागलं की तो तक्रार नोंदवतो : टपाल वळून माझ्याकडेच येतंय. आणि पुढे कंसात विचारतो : एमएक्सची भानगड? तिथे खरोखरचं प्रश्नचिन्ह आहे. यंत्राने अशी शंका काढावी, तीही बरोबर, हे मला फार आवडतं. बाकी सगळे प्रोग्राम निकाल देतात. हा एकटाच आपलं मत मांडून तुमच्याकडे बघतो.

आताशा मात्र ही सगळी चौकशी जरा फिकी पडली आहे. पूर्वी एमएक्स विचारला की गंमत वाटायची. कोणी आपल्या सर्व्हरला गडाचं नाव दिलेलं असे, कोणी देवाचं, एकाने तर सासूबाईंचं. आता वकील विचारा, आर्किटेक्ट विचारा, मिसळीची साखळी चालवणारा विचारा, उत्तर बहुधा दोघांपैकी एक. एक तर गूगलचं दार, नाही तर मायक्रोसॉफ्टचं. प्रत्येकाचं आपलं घर असेल असं धरून आखलेल्या व्यवस्थेत सगळे दोन टॉवरांत राहायला गेले. घराची डागडुजी सुटली हे खरं, आणि रात्री तीनला माझा फोन वाजायचा थांबला हेही खरं, त्यामुळे माझी तक्रार अर्धीच धरा.

याच स्थलांतरात डोंबिवलीच्या एका मावशींचा फराळ अडकला. मावशी घरगुती चकल्या, अनारसे, कडबोळी करतात. वेबसाइट जावयाने करून दिलेली, तिच्यावर ऑर्डरचा फॉर्म. दरवर्षी अमेरिकेतून चांगली मागणी येते. त्या दिवाळीला एकही आली नाही. "तिकडे सगळ्यांनी डाएट धरलं की काय रे?" असं मावशींनी मला विचारलं ते दिवाळीनंतर बऱ्याच महिन्यांनी, शिमग्याच्या सुमाराला, दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो तेव्हा. जावई म्हणाले, मेल उत्तम चालू आहे. गणपतीच्या आधी त्यांनी मेल भाड्याच्या सर्व्हरवरून गूगलकडे हलवला होता, एमएक्स बदलला होता, स्वतःच्या खात्यावरून मेल पाठवून बघितला होता, मुलीच्या मोबाइलवरून बघितला होता. सगळे पोचले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

"आणि फॉर्म?" मी विचारलं.

"तोही चालतो. भरला की 'धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली' असं येतं."

मिळत होती हे खरंच होतं. जगभरातले सर्व्हर मावशींचं टपाल कोण घेतं हे डीएनएसला विचारून गूगलकडे जात होते. वेबसाइट मात्र अजून भाड्याच्या त्या जुन्या सर्व्हरवरच होती, आणि फॉर्मचा मेल तिथल्याच एक्झिमच्या हातात पडत होता. त्याने मावशींचं डोमेन पाहिलं. स्थानिकांच्या यादीत नाव होतं. आपल्या घरी कोण राहतं हे आपल्याला माहीतच असतं! त्याने डीएनएसकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही, आणि प्रत्येक ऑर्डर मावशींच्या जुन्या, रिकाम्या पेटीत व्यवस्थित नेऊन ठेवली. चूक नाही, तक्रार नाही, मेलर डीमनही नाही. जगातला एकच सर्व्हर विचारत नव्हता, तो नेमका मावशींच्या फॉर्मखाली बसलेला.

दुरुस्ती हास्यास्पद सोपी. अशा सर्व्हरच्या पॅनेलवर मेलचा मार्ग ठरवायला चार पर्याय असतात : स्थानिक, राखीव, बाहेरचा, आणि चौथा 'आपोआप ओळखा', म्हणजे डीएनएसला विचारून ठरवा. कोणे एके काळी कोणीतरी 'स्थानिक'वर टिचकी मारून ठेवली होती. ती बाहेरच्यावर नेली आणि चाचणीची ऑर्डर भरली. मावशींचा फोन लगेच वाजला. मग जुनी पेटी उघडली.

न्यू जर्सीच्या एडिसनमधून, कॅलिफोर्नियातून, दुबईतून ऑर्डरी होत्या. 'तिखट कमी.' 'अनाऱ्यांना खसखस भरपूर.' एका बाईंनी 'अनाऱ्यांना'च्या जागी 'अनारशांना' असं दुरुस्तीपत्र वेगळं पाठवलं होतं. दुसऱ्या एकींची पत्रं ओळीने वाचली तर छोटी कादंबरी होती. पहिल्यात 'प्रिय मावशी', दुसऱ्यात नुसतं 'मावशी', तिसऱ्यात 'आम्ही दुसरीकडून मागवलं, चकल्या मऊ निघाल्या'. हे वाचून मावशींना आधी वाईट वाटलं आणि मग, मला वाटतं, थोडं बरंही वाटलं.

जावयांचं म्हणणं, आता कशाला उकरून काढायचं. मावशींनी ऐकलं नाही. प्रत्येकाला उत्तर गेलंच पाहिजे. ऑर्डर आमच्या हातात आज आली, क्षमस्व, अजून हवं असल्यास कळवा, असं त्यांनी सांगितलं आणि जावयांनी टाइप केलं. रात्रीतून उत्तरं यायला लागली. एडिसनवाल्यांनी लिहिलं होतं, आमच्याकडे सण हॉल मिळेल त्या शनिवारी होतात, त्यामुळे दिवाळी मार्चमध्येही चालेल, दोन किलो चकली आणि चिवडा पाठवा. मावशींनी भाजणीचे डाळ-तांदूळ काढायला घेतले.

जावयांनी हळूच विचारलं, "साइटवर 'ऑर्डर मिळेल त्याच दिवशी कळवू' असं लिहिलंय. ते काढू का?"

"का म्हणून?" मावशी म्हणाल्या. "मिळाली त्याच दिवशी कळवलंय की!"